हॉट रॉडची पुढची अरुंद चाके

मोटारीची मागची दोन चाके रुंद, उंच आणि भरदार, तर पुढची दोन सडपातळ व उंचीने बेताची, अशी मांडणी ज्या वाहनात दिसते ते वाहन अमेरिकेतील हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या मोटारींच्या, परंपरेतले आहे, आणि त्यातही पाव मैलाच्या सरळ शर्यतीचा, म्हणजे ड्रॅग शर्यतीचा, संस्कार त्याच्यावर झालेला आहे, हे जाणकाराला दुरूनच ओळखू येते. या मांडणीला स्वतःचे असे एक सौंदर्य आहे, हे निर्विवाद होय. परंतु असे वाहन शर्यतीच्या पट्टीवरून सार्वजनिक रस्त्यावर आणावयाचे झाले म्हणजे मालकापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर दिसतो त्याहून पुष्कळ गंभीर असतो. पुढचा टायर किती अरुंद चालेल, आणि कायद्याला व जीविताला बाध न आणता तो कोणत्या आधारावर निवडावा? मागच्या टायरविषयी ही मंडळी महिनोन्महिने खल करतात, त्याच्या रबराची जात आणि हवेचा दाब यांची बारकाईने चौकशी करतात. पुढच्या टायरचा निर्णय मात्र बहुधा केवळ नजरेच्या कौलावर होतो. वस्तुतः रस्त्यावर चालकाचा जीव अधिक करून या पुढच्या दोन टायरांच्याच हवाली असतो, आणि म्हणून त्यांच्या निवडीची शास्त्रशुद्ध रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

या मांडणीचा उगम शोधावयाचा तर १९३० नंतरच्या दशकातील दक्षिण कॅलिफोर्नियाकडे वळावे लागते. लॉस एंजेलिसच्या पलीकडे, मोहावी वाळवंटात, म्युरॉक आणि एल मिराज यांसारखी कोरडी सरोवरे पसरली आहेत. त्यांच्या सपाट, कठीण तळावर मोटारी वेगाने पळवून पाहण्याचा छंद त्या भागातील तरुणांना लागला आणि १९३७ साली या छंदाला शिस्त लावण्याकरिता सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. या तरुणांच्या हाती येत त्या जुन्या, अल्प किमतीच्या फोर्ड मोटारी. १९०८ ते १९२७ या काळातले मॉडेल टी, त्यामागून १९३१ पर्यंत निघालेले मॉडेल ए, आणि १९३२ साली २२१ घनइंचांचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन घेऊन आलेली फोर्ड, या तीन गाड्यांवर त्यांची सारी कारागिरी चाले. चाकांवरचे मडगार्ड, पायरी, टप असे जे जे वजनाला कारण होई ते ते उतरविले जाई. मागे उंच टायर घातला की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर काटते, आणि पुढे लहान टायर घातला की गाडीचे नाक झुकते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. मोठी मागची व लहान पुढची चाके ही जोडी अशी गरजेतून जन्मास आली आणि पुढे तीच रूढ झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला वेगळे वळण लागले. १९४८च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला. १९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती नियमितपणे सुरू झाल्या. आणि १९५१ साली त्याच मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. पाव मैल म्हणजे १,३२० फूट, सुमारे ४०२ मीटर. एवढे अंतर उभ्या जागेवरून निघून कोण आधी काटतो, एवढाच या शर्यतीचा प्रश्न. आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता पुढची चाके उत्तरोत्तर अरुंद होत गेली. केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या लांबलचक ड्रॅगस्टरांना तर मोटारसायकलीच्या धर्तीची तारांची चाके लागली आणि त्यांवरचे ब्रेकही काढून टाकण्यात आले. थांबण्याचे काम मागचे ब्रेक आणि हवाई छत्री यांच्याकडे गेले.

शर्यतीच्या पट्टीवर अरुंद टायर का हितकारक, याची कारणे भौतिकशास्त्राच्या प्राथमिक नियमांत सापडतात. गाडी जोराने पुढे झेपावते तेव्हा तिचा भार मागच्या चाकांकडे सरकतो आणि पुढची चाके हलकी होतात. सरळ रेषेत धावणाऱ्या त्या हलक्या चाकांना दिशा राखण्यापलीकडे फारसे काम उरत नाही. दुसरे असे की, फिरणाऱ्या चाकाच्या परिघावरचे वजन दुहेरी भुर्दंड घालते. ते पुढे न्यावे लागते आणि शिवाय गरगर फिरवावेही लागते, त्यामुळे टायरच्या कडेवरचा एक किलो वेग वाढविताना गाडीच्या अंगावरील जवळजवळ दोन किलोंइतका जड पडतो. तिसरे कारण हवेच्या विरोधाचे. मडगार्ड नसलेल्या उघड्या चाकावर समोरची हवा आदळते, आणि चाक जितके रुंद तितका तो आघात मोठा.

आरंभरेषेवर काय घडते ते अगदी जवळून पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तेथे जमिनीपासून थोड्याच उंचीवरून पट्टीला आडवे असे दोन प्रकाशकिरण सोडलेले असतात. चालक गाडी इंचाइंचाने पुढे सरकवितो. पुढच्या टायरने पहिला किरण अडविला की बाजूच्या खांबावरचा वरचा लहान दिवा लागतो, दुसरा अडविला की त्याखालचा. १९६३ सालापासून या दिव्यांच्या खांबाला ‘ख्रिसमस ट्री’ असे नाव पडले आहे. हिरवा दिवा लागल्यावर गाडी सुटते, परंतु धावेचे घड्याळ लगेच चालू होत नाही. टायरने दुसरा किरण मोकळा केला म्हणजे ते चालू होते, आणि तोवर गाडी सुमारे एक फूट पुढे गेलेली असते. किरणाच्या उंचीवर टायरची जी जीवा पडते तिच्या लांबीवर हे अंतर अवलंबून असल्यामुळे व्यास मोठा असेल तर घड्याळ उशिरा चालू होते व गाडीला धावती सुरुवात मिळते. व्यास लहान असेल तर किरण लवकर मोकळा होऊन चालकाची तत्परता अधिक दिसते, पण हिरव्या दिव्याआधी सुटल्याचा दोष पदरी येण्याची भीतीही वाढते. या हिशेबात व्यासाला महत्त्व आहे, रुंदीला मुळीच नाही; आणि टायर निवडताना या दोन बाबी निरनिराळ्या मोजाव्यात हा त्यातून निघणारा पहिला धडा होय.

आता हीच गाडी रस्त्यावर आणली म्हणजे सारा हिशेब उलटा होतो. रस्त्यावर वेग घेण्यापेक्षा थांबण्याला आणि सरळ जाण्यापेक्षा वळण्याला अधिक किंमत असते. बाराशे किलो वजनाची १९३२ची फोर्ड घ्या. तिच्या दोन अ‍ॅक्सलांमधील अंतर १०६ इंच, म्हणजे सुमारे २.६९ मीटर असते. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि तिचा भार पुढे-मागे समसमान वाटलेला आहे असे धरू. रस्त्यात एखादे मूल आडवे आले म्हणून चालकाने करकचून ब्रेक लावला आणि गुरुत्वत्वरणाच्या सात-दशांश इतक्या प्रमाणात वेग उतरू लागला, तर साधारण १५५ किलो भार मागून पुढे सरकतो. पुढच्या चाकांवरचे सहाशे किलो साडेसातशेवर जातात आणि मागचे तितकेच घटतात. म्हणजे मागे कितीही रुंद टायर घातलेला असो, त्या निर्णायक दोन-तीन सेकंदांत गाडी थांबविण्याचे बहुतांश काम त्या दोन सडपातळ टायरांना करावे लागते. जो टायर शर्यतीत केवळ वाट दाखविण्यापुरता होता, तो रस्त्यावर घरातला कर्ता पुरुष ठरतो.

कायद्याची दृष्टी या ठिकाणी उपयोगी पडते. मात्र ती नेमकी समजून घेतली पाहिजे. १९६६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने राष्ट्रीय वाहतूक व मोटारवाहन सुरक्षितता कायदा संमत केला, आणि त्याच्या आधारे मोटारींच्या टायरांसाठीचे १०९ क्रमांकाचे संघीय प्रमाण १ जानेवारी १९६८ पासून अमलात आले. मोटारसायकली आणि इतर वाहनांच्या टायरांसाठी ११९ क्रमांकाचे, तर हलक्या वाहनांच्या अलीकडील रेडियल टायरांसाठी १३९ क्रमांकाचे प्रमाण आहे. टायरला बोथट दांड्याने दाबून त्याचे बळ पाहणे, रिमच्या खाचेतून त्याची कड निसटते काय हे तपासणे, ठरावीक भाराखाली तासन् तास फिरवून त्याचा टिकाव अजमावणे, आणि भरवेगात त्याची परीक्षा घेणे, अशा कसोट्यांची तरतूद या प्रमाणांत वेळोवेळी करण्यात आली आहे. या प्रमाणांना उतरणाऱ्या टायरच्या बाजूवर ‘डी.ओ.टी.’ ही अक्षरे कोरलेली असतात. या अक्षरांमुळे सरकारच्या कचेरीने प्रत्येक टायर तपासून त्याला परवाना दिला, असा समज सर्वत्र पसरला आहे. वास्तविक ती उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेली कबुली आहे, आणि सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तिची शहानिशा करू शकते. म्हणून ही अक्षरे हमीपत्राच्या स्वरूपाची आहेत. आणि कोणत्याही हमीपत्राप्रमाणे त्यांतील हमी कोणत्या कामापुरती आहे, हे खालचा मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही.

हा मजकूर न वाचल्यामुळे हॉट रॉडचे मालक तीन ठिकाणी फसतात. पहिले ठिकाण शर्यतीच्या टायरांचे. अनेक कंपन्या ड्रॅग शर्यतीसाठी अत्यंत हलके, दोन-तीन उभ्या रेषांची नक्षी असलेले पुढचे टायर काढतात. नक्षी दिसते म्हणून ते रस्त्याचे आहेत असा भास होतो, परंतु त्यांच्या बाजूवर ते केवळ शर्यतीसाठी असून हमरस्त्यावर वापरण्यास मनाई असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. त्यांचे रबर पातळ आणि बाजू नाजूक असतात. तासभर चाललेल्या प्रवासातील उष्णता आणि खड्ड्यांचे आघात त्यांनी सोसावेत, या हेतूने ते घडविलेलेच नसतात. १९६० साली बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर ताशी चारशे मैलांहून अधिक वेग गाठणारे मिकी थॉम्पसन यांच्या नावाने चालणाऱ्या कंपनीची उदाहरणे येथे बोधप्रद आहेत. तिचे ‘ई.टी. फ्रंट’ हे टायर शर्यतीपुरते आहेत, तर ‘स्पोर्ट्समन’ मालिकेतील २६ × ७.५०-१५ या मापाचे पुढचे टायर रस्त्यासाठी प्रमाणित आहेत. नाव एकाच घराण्याचे असले तरी एकास जी मुभा आहे ती दुसऱ्यास नाही.

दुसरे ठिकाण मोटारसायकलीच्या टायरचे. त्याच्या बाजूवर डी.ओ.टी. ही अक्षरे असतात, आणि ती खोटीही नसतात. पण ती दुचाकीपुरती असतात. दुचाकी वळताना आतल्या बाजूला झुकते, म्हणून तिच्या टायरचा माथा गोलाकार असतो आणि त्याच्यावर आडवा ताण फारसा येत नाही. मोटारीचे चाक वळताना जवळजवळ उभेच राहते आणि त्याला बाजूने जबरदस्त रेटा बसतो. हा रेटा सोसण्याचे बळ गोल माथ्याच्या टायरात नसते, आणि त्याच्या कडेची घडणही मोटारीच्या रिमशी नीट जुळत नाही. तिसरे ठिकाण अरुंद स्टेपनीचे. आधुनिक मोटारींच्या डिकीत ठेवलेली ही स्टेपनी दिसायला मनाजोगी अरुंद, कायद्याने प्रमाणित आणि किमतीने स्वस्त असते. परंतु तिच्या मापाआधी जे ‘टी’ अक्षर असते ते तात्पुरत्या वापराचे निदर्शक होय. तिच्यात साठ पौंड दाबाची हवा भरावी लागते आणि ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर, हीच तिची वेगमर्यादा असते. काही कारागीर तिचा टायर टाकून देऊन केवळ रिम वापरतात. ती रिमही तात्पुरत्या कामासाठीच बनविलेली आहे, हे विसरून चालत नाही.

हे तीन मार्ग वर्ज्य केले म्हणजे खरी निवड सुरू होते, आणि तिचा पाया भार हा असावा. टायरच्या बाजूवर मापापुढे एक अंक व एक अक्षर असते. अंक भाराचा, अक्षर वेगाचे. वाचण्याचा सराव व्हावा म्हणून ‘१६५/८० आर १५ ८७ टी’ असा एक मजकूर पाहू. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे बाजूची उंची या रुंदीच्या ऐंशी टक्के. ‘आर’ हे रेडियल रचनेचे चिन्ह. १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८७ हा भारांक, म्हणजे एका टायरने ५४५ किलो पेलावेत. आणि ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. आपल्याकडील अ‍ॅम्बॅसडर मोटारीच्या टायरवरचा ५.९०-१५ हा जुन्या धाटणीचा अंक ज्यांनी पाहिला असेल त्यांना हॉट रॉडवाल्यांचे आवडते ५.६०-१५ हे माप लगेच उमगेल. त्यात रुंदी इंचांत दिलेली असते आणि बाजूच्या उंचीचा उल्लेखच नसतो.

अरुंद मोटारटायर आले कोठून, तर ते मुख्यतः युरोपातील छोट्या गाड्यांकडून आले. फोक्सवागन बीटलला आधी ५.६०-१५ आणि पुढे १६५ आर १५ हे टायर असत. सित्रोएन २सीव्ही या फ्रेंच गाडीला १२५ आणि १३५ रुंदीचे. या गाड्यांचे टायर अद्यापि बनविले जातात, आणि शिवाय टेनेसी राज्यातील कोकर टायरसारख्या कंपन्या जुन्या धाटणीचे टायर नव्याने काढतात. ढोबळ मानाने पाहता १३५ रुंदीच्या, १५ इंची टायरचा भारांक ७२ किंवा ७३ असतो, म्हणजे ३५५ ते ३६५ किलो. १४५चा ७७ किंवा ७८, म्हणजे ४१२ ते ४२५ किलो. आणि १६५चा ८६ किंवा ८७, म्हणजे ५३० ते ५४५ किलो.

आता हे आकडे गाडीला लावून पाहावेत. त्याकरिता प्रथम गाडी वजनकाट्यावर न्यावी, टाकी पुरती भरावी, नेहमी बसणारी माणसे बसवावीत, आणि केवळ पुढची चाके काट्यावर ठेवून येणाऱ्या वजनाची नोंद घ्यावी. तर्काने ठरविलेले वजन येथे कामाचे नाही, कारण इंजिन पुढे-मागे सरकविल्याने हा भार शेकडो किलोंनी बदलतो. उदाहरणार्थ, मॉडेल टीच्या धर्तीची, वर छप्पर नसलेली उघडी गाडी माणसांसह हजार किलोंची आणि तिचा पंचेचाळीस टक्के भार पुढे असेल, तर एका टायरवर २२५ किलो येतात. येथे १३५चा टायर निःशंकपणे घालावा. १९३२ची फोर्ड कूपे दोन माणसे व इंधन धरून साडेतेराशेपर्यंत जाते आणि एका पुढच्या टायरवर सुमारे ३२५ किलो येतात. १३५चा टायर कागदोपत्री पुरतो, परंतु शिल्लक जेमतेम आठ ते अकरा टक्के उरते, तर १४५ घेतला की ती पाव हिश्शाच्या आसपास जाते. १९५५ची शेव्हरोले ही गाडी गॅसर नावाच्या जुन्या ड्रॅग वर्गातील मंडळींची आवडती. नाक वर उचललेली, पुढे सरळ अ‍ॅक्सल घातलेली आणि व्ही-८ इंजिनाने जड झालेली. ती माणसांसह साडेसोळाशे किलोंची असेल तर एका पुढच्या टायरवर ४४५ किलो सहज येतात. येथे १३५ आणि १४५ दोन्ही अपुरे, आणि १६५ची शिल्लकही थोडी कमीच पडते, म्हणून त्याहून अधिक भारांकाचा टायर घ्यावा. टायरवर लिहिलेल्या मर्यादेपैकी निदान वीस टक्के भाग शिल्लक राहावा, हा नियम मी तरी अनुल्लंघनीय मानतो, कारण जुने स्प्रिंग आणि कडक पाटे धक्का शोषून घेत नाहीत व प्रत्येक खड्डा तो टायरच्या माथी मारतात.

वेगाच्या अक्षराकडेही असेच काटेकोरपणे पाहावे. पाव मैल बारा सेकंदांच्या आसपास काटणारी गाडी शेवटच्या रेषेवर ताशी ११० मैलांच्या, म्हणजे १७७ किलोमीटरांच्या, घरात असते. ‘क्यू’ अक्षराचा टायर १६० किलोमीटरांपुरता, ‘एस’ १८०पुरता आणि ‘टी’ १९०पुरता. जी गाडी आठवडाभर रस्त्यावर चालवून शनिवारी पट्टीवर न्यावयाची असेल, तिला ‘क्यू’ टायर घालणे म्हणजे जाणूनबुजून संकटाला आमंत्रण देणे होय.

व्यासाचा विचार भारानंतर करावा. १३५/८०चा टायर सुमारे ५९७ मिलिमीटर, १४५चा ६१३, आणि १६५चा ६४५ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे अरुंद टायर घेतला की गाडीचे नाक आपोआप खाली येते. नाक खाली आणि पाठ वर अशी बैठक आली की पुढच्या चाकांच्या वळणअक्षाचा मागे असलेला कल, ज्याला कास्टर म्हणतात, तितकाच कमी होतो. १०६ इंच लांबीच्या फोर्डमध्ये पुढच्या व मागच्या उंचीत दोन इंचांचा फरक पडला तर हा कल सुमारे एक अंशाने घटतो. आणि सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत पाच-सहा अंशांपैकी एक अंश जाणे म्हणजे स्टिअरिंग हलके, चंचल आणि वेगात डळमळणारे होणे. म्हणून नवे टायर बसविल्यावर अलाइनमेंट पुन्हा तपासून घेणे हा या कामाचाच अविभाज्य भाग समजावा. रिमचेही तसेच. १६५/८०च्या टायरला साधारण चार ते साडेपाच इंच रुंदीची रिम चालते, १३५ला साडेतीन ते साडेचार. साडेतीन इंची शोभिवंत रिमवर १६५चा टायर कोंबला तर त्याचा माथा फुगतो, मधला भाग आधी घासतो आणि बाजू नको तितकी लवचिक होते. उलटपक्षी अति रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसविला तर कड निसटण्याचे भय असते.

टायर अरुंद केला म्हणजे रस्त्याशी होणारा संपर्क त्याच प्रमाणात घटतो, असा जो समज आहे तो पूर्णपणे खरा नाही. तीनशे किलो भार आणि दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो हवेचा दाब असेल, तर संपर्काचे क्षेत्र दीडशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास राहते, मग टायर कोणताही असो. रुंद टायरचा ठसा आखूड व आडवा, अरुंदाचा लांब व उभा. पावसात हा लांबट ठसा उपकारकच ठरतो, कारण पाणी बाजूला सारावयाचे ते थोड्या रुंदीतून. परंतु रबराच्या घर्षणाचा स्वभाव असा की माथ्यावरचा भार वाढत गेला की पकड त्या प्रमाणात वाढत नाही, आणि वळणाच्या रेट्यात अरुंद टायरचा ठसा लवकर वेडावाकडा होतो. परिणामी अशी गाडी वळणावर नाक बाहेर काढते, आणि जोराने ब्रेक लावला असता पुढची चाके आधी जाम होऊन स्टिअरिंग निरुपयोगी ठरते. पुढे आधुनिक डिस्क ब्रेक आणि तोळामासा प्रकृतीचे टायर, अशी जोडी जमविणाऱ्याने ब्रेकच्या दाबाची पुढे-मागे वाटणी मोकळ्या जागी, कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही जमिनीवर तपासून ठरवून घ्यावी.

पुढे एका रचनेचा आणि मागे दुसऱ्या रचनेचा टायर असल्यास एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. रेडियल टायर वळणाला तत्काळ प्रतिसाद देतो, जुन्या धाटणीचा तिरक्या दोऱ्यांचा टायर सावकाश. पुढे रेडियल आणि मागे जुना टायर असेल तर पुढची चाके रस्ता धरतात, मागची सोडतात आणि गाडी गर्रकन फिरते. सर्वोत्तम मार्ग चारही टायर एकाच रचनेचे घेण्याचा; ते अशक्यच असेल तर रेडियल मागे असावेत, पुढे कधीही नसावेत.

शेवटची बाब वयाची, आणि या गाड्यांच्या बाबतीत ती विशेष महत्त्वाची आहे. हॉट रॉड वर्षाकाठी थोडीच धावते, त्यामुळे नक्षी झिजून टायर गोटा होण्याआधीच त्याचे रबर कडक होऊन जाते. डी.ओ.टी. या अक्षरांपुढील क्रमांकाचे शेवटचे चार अंक टायरचा जन्मदाखला होत. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. अंक तीनच असतील तर टायर २०००च्या आधीचा, आणि मग नक्षी कितीही नवी दिसत असली तरी तो टाकून द्यावा. सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा, बाजूवर भेगा दिसल्यास तत्काळ बदलावा, आणि दहा वर्षांपलीकडे तो वापरूच नये. नक्षीच्या तळाशी उंचवटे असतात ते एक-सोळांश इंच, म्हणजे १.६ मिलिमीटर, नक्षी उरल्याचे चिन्ह होय. पुढच्या अरुंद टायरने तेथवर जाण्याची वाट पाहू नये.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष एका सूत्रात सांगता येतो. पुढचा टायर गाडीचा भार, वेग आणि ब्रेक जेवढी मुभा देतील तेवढाच अरुंद असावा, आणि ही मुभा नजरेने नव्हे, वजनकाट्याने ठरवावी. मॉडेल टीला जो टायर शोभतो तो शेव्हरोलेला अपघातात लोटू शकतो. परंपरेविषयी ज्यांना खरे प्रेम आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, कोरड्या सरोवरांवरच्या त्या तरुणांनी अरुंद चाके घातली ती त्यांच्या कामाला ती योग्य होती म्हणून. त्यांचे अनुकरण करावयाचे तर चाकाच्या आकाराआधी त्यांच्या त्या काटेकोर विचारपद्धतीचे करावे. हल्ली रस्त्यासाठी प्रमाणित असे अरुंद टायर निरनिराळ्या रुंदीत आणि व्यासांत मिळतात. तेव्हा भारांक पुरेसा, अक्षर योग्य, रिम जुळती आणि तारीख ताजी असा टायर निवडूनही गाडीचा डौल तिळमात्र कमी होत नाही, आणि चालकाला ब्रेकवर पाय ठेवताना पुढच्या चाकांवर निर्धास्तपणे विसंबता येते.